आठ नंबरचा साचा

माझे बाबा होड्या बांधतात. आमच्या घरात साबणाची वडी कधी धड चौकोनी राहिली नाही. बाबा ती तासून तिची होडी करायचे, दोऱ्याला बांधून बादलीतून ओढायचे आणि आईला हाक मारायचे. आई यायची ती कपड्यांना साबण हवा म्हणून. तिच्या हातात ते दोरा द्यायचे. "आधी ही ओढ. आता ही. कोणती जड लागते?" दोन्ही वड्या पुढून सारख्याच टोकदार, फक्त एकीची मागची बाजू निमुळती आणि दुसरीची बोथट. बोथट वडीच्या मागे पाणी गोल गोल फिरायचं आणि दोरा बोटाला काचायचा. "आता कपडे धुवू का?" आई विचारायची.

गिऱ्हाईक होडीच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, कौतुक करायला लागलं की बाबा त्याला दंडाला धरून मागे नेतात. "पुढून काय बघता? पाणी कापायला सुरीसुद्धा पुरते. कापलेलं पाणी मागे गुपचूप एकत्र आलं पाहिजे. ते जिथे अडखळतं तिथे होडी अडखळते." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि परत पुढे जाऊन नाळच बघतं.

ज्या माणसाला हे इतकं कळतं, त्याच्याच हातून तीच चूक झाली आणि त्याने ती बावीस वर्षं पोटात ठेवली. बाबांचे गुण सांगायला धक्क्यावर पुष्कळ लोक आहेत. मी हेच सांगते.

एका म्हाताऱ्या मासेमाराने आपल्या दोन मुलांसाठी एकदम दोन होड्या सांगितल्या. भावाभावांत कुरबूर नको म्हणून अगदी सारख्या. होडी बांधताना कण्यावर आधी लाकडी साचे उभे करतात, बरगड्यांसारखे, नाळेपासून मागेपर्यंत नऊ. फळ्या त्यांच्यावरून वाकवायच्या. साचा जसा, होडीचं अंग तसं. थोरल्याची होडी झाली. मध्ये पावसाळा गेला, आणि धाकट्याची सुरू करताना आठ नंबरचा साचा वाळवीने खाल्लेला निघाला. त्यावरून रेघ मारून नवा कापावा, तर जुना हातात भुगा होत होता. कागदावर आकडे लिहून ठेवायची किंवा झालेल्या होडीवरून मापं घ्यायची बाबांना सवय नाही, ते त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी सातवा साचा धरला आणि अंदाजाने जरा आत रेघ मारली. अंदाज चुकला. जिथे होडीने अंग आवळायला हवं, तिथे ती दोन्हीकडून दोन-दोन बोटं फुगलेली राहिली.

त्या आठवड्यात फळ्या भराभर बसल्या. एरवी मागच्या फळ्यांना वाफ द्यावी लागते, शिकंजे आवळावे लागतात आणि भरपूर शिव्या घालाव्या लागतात. बाबा खुशीत होते. "हात बसला आता," म्हणाले. फळ्या सहज वाकल्या, कारण त्यांना फारसं वाकायचंच नव्हतं.

दोन्ही होड्या एकाच दिवशी पाण्यात उतरल्या. इंजिन सारखं, रंग सारखा. बाबांनी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "एका साच्यातल्या आहेत. कोणती कुणाची, हे त्यांच्या बापालाही ओळखता यायचं नाही." धक्क्यापासून शंभर हातांवर ते कुणालाही ओळखता आलं. थोरल्याची होडी पुढे होती आणि तिच्यामागे पाण्यावर जेमतेम एक रेघ. धाकट्याच्या होडीमागे पाणी घुसळत येत होतं. मी बाबांचा हात धरून उभी होते. त्यांनी हात सोडवून घेतला, शेडमध्ये गेले आणि झाडू मारायला लागले. शेड सकाळीच झाडलेली होती.

त्यानंतर धाकटा मुलगा, ज्यांना मी धाकटे काका म्हणायचे, ते रोज शेवटी यायला लागले. होड्या तर सारख्या, मिस्त्रींनी स्वतः सांगितलेलं, मग कमी कोण? लोकांनी सरळ हिशोब केला. हा निघतोच उशिरा. मध्ये झोप काढत असेल. डिझेल जास्त जातं ते कुठे भटकायला? त्यांचे वडील चारचौघांत म्हणायचे, "होडी तीच आहे. माणूस तो नाही." बाबा तिथे असले तर स्वतःच्या चपलांकडे बघायचे.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. एका संध्याकाळी सगळ्या होड्या लागून गेल्या आणि लांबून एक ठिपका येताना दिसला. "शेपूट आलं," मी म्हणाले. मोठी माणसं पोट धरून हसली. फक्त बाबा हसले नाहीत. मला फार भारी वाटलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटे काका शेपूट झाले. लग्न झालं तेव्हा त्यांची बायकोही शेपटाची बायको म्हणून ओळखली जायला लागली. सुरुवातीला ते स्वतःही हसायचे.

बाबांची चूक मला सहा वर्षांपूर्वी कळली. मी शेडमध्ये काम करायला लागले होते आणि सगळे साचे कागदावर उतरवून घ्यायचे असं ठरवलं होतं. लवचिक पट्टी नऊही खुणांवरून वाकवली की एक सफाईदार रेघ यायला हवी. पट्टी आठवर उचलली गेली. मी बाबांना हाक मारली. ते पट्टीकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहवत नाही. "एका माणसाची अब्रू गेली आणि तुम्ही गप्प बसलात? झोप कशी लागते तुम्हाला?"

"लागत नाही," बाबा म्हणाले. "उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. मग वाटायला लागलं, काल का नाही सांगितलं असं विचारतील."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शेपूट हे नाव कुणी ठेवलं, हे त्या दोन दिवसांत माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण लहानपणी सगळेच काहीतरी बोलतात, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. बाबांनी तो साचा उंच खुंटीला टांगला आणि पुन्हा विषय काढला नाही.

मागच्या वर्षी धाकटे काका शेडमध्ये आले. "मिस्त्री, होडी वर घ्या आणि तळ खरवडून द्या. मुलगी चालवते म्हणतेय. मला काही जमलं नाही, पण ती चलाख आहे." मग म्हणाले, "काल तिला बरोबर नेलं होतं. आलो शेवटीच. धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, शेपटाला शेपूट फुटलं. पोरगी घरी येऊन जेवली नाही."

बाबांचा रंधा थांबला. ते स्टूल घेऊन भिंतीपाशी गेले. सत्तरीचा माणूस स्टुलावर चढतोय म्हणून मी धावले, तर त्यांनी हातानेच मला लांब राहायला सांगितलं. साचा खाली आणून त्यांनी काकांच्या समोर ठेवला.

"हा चुकीचा आहे. तुमच्या होडीत हाच आहे. ती मागून जाड आहे, ती पळणारच नव्हती. तुम्ही चालवा नाहीतर तुमचा भाऊ चालवो. पाण्यात उतरली त्याच दिवशी मला दिसलं होतं."

काकांनी साच्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "किती?"

"दोन बोटं. दोन्हीकडे."

काकांनी स्वतःची दोन बोटं जोडून डोळ्यांसमोर धरली. "एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, आता ते बाबांवर हात टाकतील. ते पालथ्या होडीवर बसले. "एकदा दादाला ताप होता म्हणून त्याची होडी घेऊन गेलो होतो. सगळ्यांच्या आधी आलो. वडील म्हणाले, बघ, मनात आणलंस की जमतं. म्हणजे रोज मनात आणत नाहीस. मला ते पटलं, मिस्त्री. इतकी वर्षं मला वाटायचं, आपणच कुठेतरी कमी पडतोय." मग ते म्हणाले, "वडील जातानाही मला म्हणाले, आता तरी हातपाय हलव. त्यांना आता कोण सांगणार?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. एरवी आमच्याकडे लाकूड वाईट असतं किंवा हवा दमट असते.

"धक्क्यावर सांगाल? सगळे असताना?"

"सांगतो."

त्याच संध्याकाळी बाबा साचा खांद्यावर घेऊन धक्क्यावर गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी दिसलं होतं तेसुद्धा. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या मिस्त्री, एवढ्या वर्षांनी कशाला?"

"जाऊ देऊ नका," बाबा म्हणाले.

थोरले काका जाळं गुंडाळत होते, त्यांचे हात थांबले. "मग मी एवढी वर्षं पहिला यायचो, ते काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

आम्ही होडीच्या मागच्या फळ्या काढल्या आणि थोरल्या काकांच्या होडीवरून मापं घेऊन आठवा साचा नव्याने कापला. या वेळी फळ्यांनी रडवलं. दोन तडकल्या. प्रत्येक वेळी शिकंजा कुरकुरला की बाबांचा चेहरा जरा निवळायचा. होडी पाण्यात उतरली तेव्हा मुलीच्या मागे पाणी शांत मिटत गेलं. पहिल्याच दिवशी ती तिसरी आली.

दुसऱ्या दिवशी धाकटे काका शेडमध्ये येऊन बसले. इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आता त्या नावाने कुणी हाक मारत नाही," ते म्हणाले. "मलाच चुकल्यासारखं होतं." थोडा वेळ ते भुशातून पाय फिरवत राहिले. "तुझ्या बाबांनी समोर येऊन सांगितलं. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखं झालं. ते नाव कुणी काढलं, तेवढं काही कळलं नाही. तो माणूस भेटला असता तर विचारलं असतं, बाबा रे, मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

बाबांचा रंधा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "शेपूट आलं" म्हणाले त्या संध्याकाळी ते माझ्या शेजारीच उभे होते, आणि हे त्यांनी मला एवढ्या वर्षांत एकदाही ऐकवलं नव्हतं. मी त्यांना एवढं बोलले तेव्हाही नाही.

"काका," मी म्हणाले.

"बोल."

ते माझ्याकडे मायेने बघत होते.

"चहा टाकू?"

"टाक की," काका म्हणाले. बाबांनी मान खाली घातली आणि रंधा पुन्हा चालवायला घेतला.