एर्सीलियाबाईंच्या वाट्याच्या टाळ्या

पो नदीच्या काठी बोर्गोसेको या गावी माझी सासुरवाडी. पुढे तेच माझे गाव झाले. तेथील खाटीक गास्पारे काव्हाल्ली याची कन्या एर्सीलिया ही ऑपेरातील सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठाच्या शिखरावर वावरणारी गायिका. ईश्वराने तिला काही उणे ठेवले नव्हते. उणे ठेवले ते एका पुष्पगुच्छाने.

गावच्या नाट्यगृहात तिचे पहिले गायन झाले, तेव्हा हर्षभराने बेभान झालेल्या गास्पारेने जांभळ्या फुलांचा गुच्छ रंगमंचावर फेकला आणि पोरीने तो निरागसपणे छातीशी खोवला. जांभळा रंग म्हणजे उपासकाळातला पाद्र्यांचा रंग. त्या दिवसांत पूर्वी नाटके बंद असत आणि नटांच्या चुली विझत. म्हणून रंगमंचावर जांभळा म्हणजे साक्षात अवदसा. गुच्छ खोवला मात्र, शाश्वत प्रेमाची शपथ घेत असलेल्या नायकाच्या पायाखालची फळी निसटली. तो देहाने विशाल असल्यामुळे कमरेपर्यंत जाऊन तेथेच अडकला. उरलेले दोन अंक त्याने तेथूनच गायिले. द्वंद्वयुद्धात त्याचा वैरी त्याच्यापुढे गुडघे टेकून लढला.

तेव्हापासून एर्सीलिया गाऊ लागली की वरच्या सज्जातली मंडळी घरच्या किल्ल्या मुठीत धरून बसत. लोखंडाला अरिष्ट भिते, हे तेथील आबालवृद्धांस ठाऊक. सज्जाचा अधिपती ओरेस्ते न्हावी. त्याने निर्णय दिला, की एका हातातले लोखंड गाणारीसाठी, दुसऱ्या हातातले ऐकणाऱ्यासाठी. दोन्ही मुठी अशा गुंतल्यावर टाळी वाजणार कशी?

नेपल्सपासून त्रिएस्तेपर्यंत लोकांनी तिला डोक्यावर घेतले. गावी मात्र गाणे संपले की निःशब्दता. ओरेस्तेच्या दुकानाच्या दारात उभी राहून तिने एकदा विचारलेच.

“ओरेस्ते, खरं सांग. एवढी का वाईट गाते मी?”

“वाईट? देवाशप्पथ, काल ढसाढसा रडलो, बाई! नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून शेजाऱ्याच्या खांद्याला पुसलं.”

“मग एकदा तरी वाजव की टाळी, मेल्या!”

“आणि छप्पर आलं खाली, तर? तुझ्या बापाला फुलांची हौस, ती आम्ही निस्तरायची होय?”

केस पांढरे झाले तेव्हा तिने निवृत्ती जाहीर केली. शेवटचे गायन गावी, रविवारी दुपारी. “त्या सज्जातून एकदा टाळी ऐकेन, मग खुशाल तोंड मिटेन,” एवढेच ती म्हणे.

त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ अमिल्कारे आला. तो बिशप झाला होता आणि पाद्र्यांनी नाटकाला जाणे शिष्टसंमत नसल्याने बहिणीचे गाणे त्याने कधी ऐकले नव्हते. तो आला तो पदाला साजेशा पूर्ण वेषात. कमरपट्टा जांभळा, मोजे जांभळे.

ओरेस्ते दारात आडवा झाला. “महाराज, आशीर्वाद द्या, पण आधी कमरेचं सोडा.”

गलबला ऐकून एर्सीलिया मरणासन्न नायिकेच्या वेषातच बाहेर आली. “अमिल्कारे, काढ तो पट्टा.”

“ताई, अगं मी बिशप आहे!”

“तुझ्या गिरजाघरात. इथं खाटकाचा अमिल्कारे. मोजेपण काढ.”

धर्माधिकाऱ्यांचे पाय उघडे पडले. मग लक्षात आले, की अंगठीतला खडाही जांभळा आहे. अंगठी बोटात रुतलेली. डुकराची चरबी चोळली, ओढून पाहिले. बोट लांबले, अंगठी ढळली नाही. अखेरीस बेकरीवाल्याने एक पाव आतून कोरून दिला आणि महाराजांचा हात त्यात घालण्यात आला. प्रेक्षकांनी हा सारा विधी टोप्या काढून, धीरगंभीरपणे पाहिला.

खेळ सुरू झाला. शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली नायिका मरताना असे काही गाऊ लागली, की अमिल्कारेला हुंदका आवरेना. डोळे पुसायला त्याने हात उचलला, पाव कपाळावर आपटून फुटला आणि झुंबराच्या प्रकाशात तो जांभळा खडा सर्वांच्या देखत चमकला.

सज्जाने मुठीतल्या किल्ल्या आवळल्या. नायकाने फळी चाचपून प्रेयसीपासून अंतर घेतले. एर्सीलियानेही खडा पाहिला. तिचा अत्युच्च स्वर अजून यायचा होता. तिने डोळे मिटले आणि तो लावला. निष्कंप, दीपशिखेसारखा. मग यथाविधी प्राण सोडला.

काही पडले नाही.

“काय रे,” ओरेस्तेने शेजाऱ्याला विचारले, “फुलांचा जांभळा मोठा का बिशपचा?”

“बिशपचाच.”

“एवढा मोठा जांभळा आला, तरी काही झालं नाही. म्हणजे तेव्हाही दोष रंगाचा नव्हता!”

“मग कुणाचा?”

“सुताराचा, गाढवा!”

एवढा सिद्धान्त होताच सज्जाच्या मुठी उघडल्या. किल्ल्यांचा रंगमंचावर खणखणाट करीत वर्षाव झाला आणि वीतभर लांबीची एक किल्ली नायकाच्या कपाळावर बसून तो प्रेयसीच्या शेजारी आडवा झाला.

अवदसा खरीच होती तर! सर्वांचे हात लोखंडासाठी खिशाकडे गेले. खिसे रिकामे होते. किल्ल्या खाली होत्या. रिकाम्या, घाबरलेल्या हातांनी माणसाने करावे तरी काय? ओरेस्तेने एकदा वाजवली. मग सगळेच वाजवू लागले, आणि थांबले तर काय पडेल या भीतीने थांबेनात.

शुद्धीवर आलेला नायक कुजबुजला, “उठा बाई, नमस्कार करायचाय.”

“गप पड,” मृत एर्सीलिया ओठ न हलवता म्हणाली. “मेलेली आहे मी. वाजू दे.”