मी बंद केलों

वीज गेली आणि वीज बंद केली, या दोन वाक्यांत फरक काय, हे तुम्ही कुणाला शेवटचं कधी विचारलं होतं?

मी विचारलं नव्हतं. विचारण्याचा पगार घेत असूनही नव्हतं. मी एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करते. कुणाला टाकीत उतरायचं असेल, उंचावर चढायचं असेल किंवा मशीन उघडायचं असेल, तर आधी माझ्या टेबलावरून एक कागद जातो. त्याला परवाना म्हणतात. मशीनला येणारी वीज, वाफ आणि हवा कुठे तोडली, तिथं कुलूप कुणी घातलं, माणसानं अंगावर काय काय चढवलं, हे त्यात लिहायचं. खाली तीन सह्या. कागद पूर्ण झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

माझं घर कुंभकोणमला आहे. मराठ्यांच्या काळात इकडे आलेल्या लोकांपैकी आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. 'मी काम केलं' असं तुम्ही म्हणता, आम्ही 'मी काम केलों' म्हणतो. करणारा माणूस क्रियापदाला चिकटलेला असतो. लहानपणी मला ही चूक वाटायची, मोठेपणी लाज वाटायला लागली. या मजकुरात ती पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या एका भातगिरणीत फिटर आहेत. गिरणी कामगारांच्या संघटनेची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी यायची. उरलेली पत्रकं फळीवर अंथरली जायची, डब्याखाली घातली जायची, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझा एक पक्का समज झाला होता: योग्य वाक्य छापून योग्य हातात दिलं, की निम्मं काम झालं. अजूनही तो पूर्ण गेलेला नाही.

गिरणीत अप्पांची स्वतःची एक पद्धत होती. मशीन उघडायच्या आधी ते मुख्य पेटीतले चिनीमातीचे तीन फ्यूज काढायचे आणि कमरेला वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या, गुंडाळीत खोचायचे. त्या गुंडाळीला तमिळमध्ये मडी म्हणतात. तिन्ही मडीत असेपर्यंत गिरणीत कुणाच्या बापाला मोटर सुरू करता यायची नाही. गिरणी झाडणारी अक्का त्या फुगवट्याकडे बोट दाखवून विचारायची, "अण्णे, कितवा महिना?"

"तिळं आहेत," अप्पा म्हणायचे. "संध्याकाळी बाळंत होतो."

मग नवी पेटी आली. फ्यूज गेले, त्यांच्या जागी एक लाल दांडी आली. खाली ओढली की बंद, वर केली की सुरू. दांडीला कुलूप घालायला भोक होतं. आयुधपूजेला मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, त्या भोकातून दोरा ओवून लिंबू बांधलं. अक्कानं दांडीला चंदन लावलं, कुंकू लावलं. लिंबू वाळलं, काळं पडलं, तरी दोरा तिथंच राहिला. त्या भोकाचा दुसरा काही उपयोग असतो हे गिरणीत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण सुटीवर आल्यावर मी ते पाहिलं आणि हसले.

अप्पांच्या मडीत ठेवण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी दुरुस्तीची कामं वीजमंडळाच्या दिवसावर ढकलली. महिन्यातून एक दिवस आमच्या भागातली वीज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बंद असते, तारांची कामं करायला. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात सूचना येते. तिचं शीर्षक नेहमी एकच असतं: मिन्तडै. मिन् म्हणजे वीज, तडै म्हणजे अडवणूक. बायका त्या दिवशी पहाटेच इडलीचं पीठ वाटून घेतात, शिंपी सुटी घेतो, आणि पंचक्रोशीतल्या गिरण्या आपापली मशीन उघडून बसतात. सगळ्या गावाची वीज गेलेली असताना वेगळी दांडी कशाला ओढायची? असा हिशेब तिथं सगळ्यांचाच होता.

मला हे मान्य नव्हतं, आणि मी ते जेवणाच्या पानावर बोलून दाखवलं. बिनकागदाचं काम म्हणजे गुन्हा आहे, असंही म्हणाले.

अप्पा ताक ओतत म्हणाले, "मग तूच आण कागद. पत्रकांच्या घरात कागदाला काय तोटा?"

मी आणला. कारखान्यातला तमिळ परवाना घेतला, गिरणीला लागू नाही ते गाळलं, एका पानात बसवला आणि पन्नास प्रती काढल्या. सोबत चामड्याचे हातमोजे, चष्मा आणि भुशासाठी नाकावरचा मास्क. हातमोजे मी अंदाजानं मागवले होते, ते एक माप मोठे आले. अप्पांनी ते घालून टाळी वाजवून पाहिली. शनिवारी मरुदानल्लूरच्या भजनात ते मृदंग वाजवत, त्यामुळे हाताला काहीही घातलं की आधी आवाज तपासायची त्यांना सवय. "बद्द," एवढंच म्हणाले.

मंडळाच्या दिवशी मीही गिरणीत गेले. एलिव्हेटरच्या खालच्या पुलीला गवताच्या काड्या आणि गोणीची सुतळी गुंडाळली गेली होती, ती कापून काढायची होती. एलिव्हेटर म्हणजे भात वर नेणारा वाट्यांचा पट्टा. त्याच्या तळाशी खड्डा असतो, खड्ड्यात एक झडप, आणि झडपेतून खांद्यापर्यंत हात घातला की पुली लागते. अप्पांनी खड्ड्याच्या काठावर बसून परवाना भरला. मास्क, चष्मा, हातमोजे, सगळ्यांपुढे खूण. मग वीजतोडीचा रकाना. तिथं मी कारखान्यातलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं: "मिन्तडै सेय्यप्पट्टदा?" शब्दशः अर्थ, वीज अडवली गेली आहे का?

अप्पांनी डोक्यावरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, वर्तमानपत्रातली सूचना आठवली, आणि 'होय' वर खूण केली. ते खरंच बोलत होते. मी ती खूण पाहिली. माझ्या डोक्यात त्या शब्दाचा अर्थ कारखान्याचा होता: दांडी खाली, कुलूप वर. त्यांच्या डोक्यात गावाचा होता. एकाच शब्दावर आम्ही दोघांनी सह्या केल्या; तिसरी मुदलाळींनी सकाळीच करून ठेवली होती.

लाल दांडी वर होती. लिंबाचा दोरा तिला लोंबत होता. आमच्यापासून पंधरा पावलांवर.

आणखी एक गोष्ट होती. एलिव्हेटरच्या मोटरला मुदलाळींनी शेतातल्या पंपासारखा ऑटो बसवून घेतला होता, म्हणजे वीज परत आली की कुणी बटण न दाबता मोटर आपणच सुरू होते. शेतात ती सोय आहे. गिरणीत ती कशासाठी होती, हे मी नंतर विचारलं. "माणूस वाचतो एक," मुदलाळी म्हणाले. त्यांना बटण दाबणारा माणूस म्हणायचा होता.

मंडळाचं काम त्या दिवशी लवकर संपलं. सूचनेच्या शेवटच्या ओळीत तसं लिहिलेलंही असतं: काम आधी संपल्यास पुरवठा आधी सुरू होईल. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. दिवा लागला, आणि तो लागलेला मला दिसायच्या आत पट्टा हलला.

पुढचं थोडक्यात सांगते. पट्ट्यानं हातमोज्याचं टोक पकडलं आणि हात आत ओढला. मी किंचाळले, पण जागची हलले नाही. अक्का धावली ती थेट पेटीकडे, आणि दोन्ही हातांनी लाल दांडीला लोंबकळली. पट्टा थांबला. अप्पांनी हात बाहेर काढला तेव्हा हातमोजा आतच राहिला होता. मधल्या बोटाचं वरचं पेर त्याच्यातच राहिलं. तर्जनी मोडली. तळव्याची साल निघाली.

अक्काला ती दांडी कशी कळली, हे मी इस्पितळाच्या व्हरांड्यात तिला विचारलं. तिला पेटीतलं काही शिकवलेलं नव्हतं.

"दर वर्षी तिलाच चंदन लावते," ती म्हणाली. "पूजा जिची होते तीच मोठी असणार ना?"

मग माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या पाकिटाकडे तिनं पाहिलं. परवाना त्यात होता, तिन्ही सह्यांसकट. "यात काय विचारलंय, पापा?" आमच्याकडे मोठी माणसं मुलींना पापा म्हणतात.

मी वाचून दाखवलं.

"करंट गेला होता का, असंच ना? गेला होता की. परत येणार का, हे कुठे विचारलंय?"

दोन दिवसांनी मुदलाळी घरी आले. सफरचंदं आणली होती. त्यांनी इस्पितळाचं सगळं बघून घेतलं, हे इथं सांगायला हवं. खुर्चीत बसून ते म्हणाले, "पापाच्या हातमोज्यानं हात वाचवला. आता सगळ्यांना हातमोजे घेतो. तू एक पत्रक लिही. हातमोज्यानं हात वाचतो, असं. भिंतीवर लावू."

पत्रक लिहायला मला कुणी विचारलं आणि मी नाही म्हणाले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते वाक्य खोटं होतं. फिरत्या पुलीजवळ हातमोजा हात वाचवत नाही, तो हात आत नेतो. हे माझ्या कारखान्यात पहिल्या आठवड्यातच शिकवतात. मोजा सैल होता म्हणून हात सुटला, आणि तो सैल होता कारण मी माप चुकले होते. हे मी मुदलाळींना सांगितलं. ऑटोबद्दलही सांगितलं. लिंबाच्या भोकाबद्दल सांगितलं. आवाज चढला असावा, कारण अप्पांनी डावा हात वर केला.

"तिच्या कागदावर खूण मी केलों," ते आमच्या मराठीत मला म्हणाले. मग मुदलाळींसाठी तमिळमध्ये: "खोटी खूण नव्हती. प्रश्न भलता होता."

मुदलाळी गेल्यावर मी परवाना पुढ्यात घेतला. पुढच्या महिन्याचा मंडळाचा दिवस येणार होता, आणि हात बरा झाला की अप्पा पुन्हा त्याच झडपेत तो घालणार होते. दुसरा फिटर गिरणीत नव्हता, आणि त्यांना घरी बसवणं माझ्या हातात नव्हतं. वाक्य तेवढं माझ्या हातात होतं.

"वीज अडवली गेली आहे का." गेली आहे. कुणी अडवली, वाक्यात नाही. कुणी कुलूप घातलं, नाही. पुन्हा कोण सोडणार, नाही. परवान्याची सगळीच वाक्यं अशी असतात, मशीन साफ केले गेले आहे, झडप बंद करण्यात आली आहे. कागदभर कामं झालेली असतात आणि माणूस एकही नसतो. मी असली वाक्यं रोज मंजूर करत होते, आणि ती शुद्ध आहेत म्हणून मला आवडतही होती.

"अप्पा, फ्यूज मडीत असायचे तेव्हा कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणत होता?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "मी बंद केलों. मजपाशी आहे."

तमिळमध्येही ते तसंच होतं: नान् निरुत्तिनेन्. मी थांबवलं. तिथंही करणारा क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो. मी जुना रकाना खोडला आणि तेवढंच छापलं: मी बंद केलं, किल्ली माझ्या मडीत आहे. खाली एकच सही, ज्याचा हात आत जाणार त्याची. हातमोज्यांच्या रकान्यापुढे लिहिलं: पट्टा आणि पुलीजवळ घालू नयेत.

मुदलाळींनी ऑटो काढायला तीन आठवडे लावले. मी रोज फोन करत होते. शेवटी ते अप्पांना म्हणाले, "तुमची मुलगी म्हणजे मंडळाची सूचना झालीय, रोज येते." पण काढला. कुलूप अप्पांनी स्वतः निवडलं, पितळी, एकाच किल्लीचं. ते घालायला लिंबाचा दोरा कापावा लागला.

"आता लिंबू कुठे बांधायचं?" अक्कानं विचारलं.

"कुलपाला," अप्पा म्हणाले.

हात बरा झाल्यावरच्या पहिल्या मंडळाच्या दिवशी गावभर वीज नव्हती. तरीही अप्पा पंधरा पावलं चालत पेटीपर्यंत गेले, दांडी खाली ओढली, कुलूप घातलं, आणि किल्ली मडीत खोचली. मोडलेल्या तर्जनीनं खोचायला जरा वेळ लागला. अक्कानं कमरेकडे पाहिलं. "या वेळी एकच?"

"एकच पुरे," ते म्हणाले, आणि त्यांनी झडपेत उघडा हात घातला. दिवा त्या दिवशी पाचला लागला. तोपर्यंत सुतळी कापून झाली होती.

शनिवारी ते अजून मरुदानल्लूरला जातात. मृदंग दुसऱ्याकडे गेला आहे. ते झांज वाजवतात.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही काम करता तिथं गिरणी असेल, लिफ्ट असेल, पाण्याचा पंप असेल, सोसायटीचा जनरेटर असेल. पुढच्या वेळी तिथं कुणी झाकण उघडून हात आत घालत असेल, तर वीज गेली आहे का, असं विचारू नका. किल्ली कुणापाशी आहे, ते विचारा. ज्याचा हात आत आहे त्याच्याचपाशी ती नसेल, तर त्याला हात बाहेर काढायला सांगा, आणि ती त्याच्या खिशात पडेपर्यंत तिथून हलू नका.