वाचवायला आलेला बंडू

भोरच्या माझ्या दुकानात नव्या दप्तरांचा रेक्झिनचा वास भरला होता. दप्तरावर उडणारी शूर बाई छापलेली. कंबर मुठीत मावेल एवढी, पायात उंच टाचा. "ही भाताच्या आवणीच्या चिखलात उभी तरी राहील का?" मी दप्तरं घेऊन आलेल्या विक्रेत्यावर उखडले. आणि त्या चित्रानं मला लहानपणीच्या माझ्या गावी, पासलीला नेलं, गणपतीपुढच्या पोरांच्या नाटकात.

उडणारा वीर मला व्हायचं होतं. नाटक बसवणारा चुलतभाऊ म्हणाला, "पोरींनी वाचवा म्हणून वरडायचं. उडंल बंडू."

राक्षस झालेल्या पोरानं मला पेंढ्याच्या दोरीनं खांबाला बांधलं. बंडू ऐटीत आला, पण गाठ काही त्याला सुटेना. "जरा दम धर की गं!" तो कुजबुजला. घरी भाताच्या पेंढ्या मीच बांधायचे. मी गाठ सोडली आणि राक्षसाला स्वतःच लोळवलं. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

बक्षीस मात्र बंडूला मिळालं. "समदं नाटक नासवलंस," भाऊ म्हणाला. कितीतरी वर्षं मला ते खरं वाटायचं. आता वाटतं, नाटक तिथंच तर रंगलं.

बंडू हल्ली गिऱ्हाईक म्हणून येतो. "ताई, कायतरी कमी करा की," म्हणतो.

मी एक रुपया सोडत नाही.