जसंच्या तसं

गावात तिला सगळे 'दोन्हीकडची' म्हणत. वडील वरच्या आळीतले, आई खालच्या. दोन आळ्यांचे धर्म वेगळे, भाषाही वेगळ्या. घरात भांडण पेटलं की नवराबायको पाठ फिरवून बसत आणि निरोप पोचवायचं काम लेकीच्या गळ्यात पडे. आई फणकारायची, "सांग तुझ्या बापाला, माणसासारखं वाग म्हणावं!" लेक बाबांना सांगायची, "आई म्हणतेय, जेवून घ्या." अशानं संसार तरला आणि हिची जीभही तयार झाली.

धर्माधर्मांत, माणसामाणसांत बोलणं घडवणाऱ्या एका जागतिक संस्थेनं गावात कचेरी उघडली, तेव्हा दुभाषी म्हणून तिला आपसूक बोलावणं आलं. संस्थेचा नियम सोपा होता: पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ती मान डोलवायची आणि बैठकीत मात्र सवयीनं शब्दांची धार बोथट करायची. बैठका गोडीगुलाबीनं संपत. रस्त्यावरचं वैर मात्र होतं तसंच राही.

मग खालच्या आळीतल्या सुताराचा बाप गेला. दफनभूमीकडे जाणारा एकच रस्ता, तोही वरच्या आळीतून. गेल्या वर्षी सुताराच्या आईला नेताना त्याच रस्त्यावर दगड आला होता आणि तेव्हापासून रस्ता बंदच पडला होता. इकडे बाप घरात पडून. अंगणात माणसं जमलेली, कुणाच्या हातात काठ्या. वरच्या आळीतली दुकानं भराभर बंद होत होती.

कचेरीच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल. एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला वरच्या आळीचा पुढारी, म्हणजे किराणा दुकानदार. तो दोन्हीकडचीचा सख्खा काका. मध्ये संस्थेच्या परदेशी बाई आणि त्यांच्याशेजारी ही. खिडकी बंद केली होती, तरी खालचा गलका वर येत होता.

काका म्हणाला, "रस्त्याला ना नाही. पण आमच्या माणसांवर खोटे आळ घ्यायचे नाहीत."

तिनं ते सांगितलं. सुतार टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला होता.

"खोटे?" तो म्हणाला. "दगड कुणी मारला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ह्याच्याच पोरानं. सांग त्याला."

ते पोर म्हणजे तिचा चुलतभाऊ. 'यांना अजून दुःख आहे' असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. काका तिच्याकडेच बघत होता. सुतारही.

"काय म्हणतोय?" काकानं विचारलं.

"म्हणतोय, दगड तुमच्या मुलानं मारला. ह्यानं डोळ्यांनी पाहिलं."

खुर्ची मागे ढकलत काका ताडकन उठला. "हे तो बोलतोय का तू?"

"तो बोलतोय, काका. मी फक्त सांगतेय."

"ज्या घरात वाढलीस त्या घरावर उलटतेस?"

तिनं तेही वाक्य सुताराला सांगितलं, जसंच्या तसं. बाई घाईनं म्हणाल्या, "आपण थोडं थांबू या का?" तिनं तेही दोघांना सांगितलं. काकाचा हात दाराच्या कडीवर होता. तो गेला असता तर खाली काय झालं असतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कडी धरूनच काकानं विचारलं, "विचार त्याला, कुठे लागला?"

"डोक्याला," सुतार म्हणाला. "आईला खांदा दिला होता. हात वर नेता आला नाही. नेला असता तर आई खाली पडली असती."

तिनं सांगितलं. काकानं कडी सोडली. वळला तेव्हा सुताराकडे न बघता म्हणाला, "वडलांना आणा. मी दारात उभा राहतो. आणि माझं पोरही राहील."

दुपारी अंत्ययात्रा निघाली. दोन्हीकडची बाईंबरोबर मागे चालत होती. वरच्या आळीत शिरताना सगळ्यांच्या माना खिडक्यांकडे वळल्या. एक झडप आपटली तशी पुढची माणसं जागच्या जागी थबकली. वारा होता. किराणा दुकानासमोर काका उघड्या डोक्यानं उभा होता. शेजारी चुलतभाऊ, मान खाली, दंड बापाच्या मुठीत. सुतारानं त्याच्याकडे पाहिलं आणि पावलं न थांबवता पुढे गेला. दगड आला नाही.

रस्ता त्यानंतर उघडाच राहिला. सुतार आणि काका यांची मैत्री वगैरे झाली नाही, पण महिन्याच्या बैठकीला दोघंही येत आणि कडाकडा भांडत. ती सगळं जसंच्या तसं सांगे. चुलतभावानं मात्र तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. काकू तिला दारातूनच पाणी विचारायची, आणि दोन्हीकडची दारातूनच पिऊन निघायची.