मुरी नसलेला झिरा

तुमच्या संत्र्याच्या बगीच्याजवळून वाहणाऱ्या नदीचा तळ तुम्ही शेवटचा कधी पाहिला? पाणी नव्हे, तळ.

आमच्या नदीचा तळ मला पाठ होता. मोर्शीच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातून उतरणारी ही नदी हिवाळ्यात गुडघाभर असते आणि तिच्यातला खडा न् खडा दिसतो. त्या खड्यांच्या आडोशाला मुरी राहते. बोटाएवढी मासोळी, वाळूच्याच रंगाची, अंगावर करडे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. पोहते कमी, तळाला चिकटून बसते जास्त. आमच्याकडे नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात पाणी झिरपू देतात, त्याला झिरा म्हणतात. झिरा उकरला की आई ओंजळीतून एक मुरी आणून त्यात सोडायची. ती तळाशी निवांत बसली की मगच बगीच्यात कामाला आलेल्या बायांसाठी घागर भरायची.

मी पत्रकांवर वाढले. बाबा चळवळीतले, घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. बाबांचा एकच नियम होता: ज्यानं केलं त्याच्याकडे सरळ बोट दाखवता येत नसेल, तर कागद खराब करू नये.

मागच्या हिवाळ्यात सुटीत अकोल्याहून घरी आले, तेव्हा आईनं झिऱ्यात सोडलेली मुरी उलटी झाली होती. नदीत आमच्या घाटाखालीही बऱ्याच, पोट वर करून. मी कोणालाच काही विचारलं नाही. नदीतून वाळू उपसणारे ट्रक, दुसरं कोण? त्याच दुपारी मजकूर लिहिला, दुसऱ्या दिवशी मोर्शीत छापला आणि बसस्टँडवर वाटला.

नदीवर मासोळ्या धरणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. त्यांनी मला पत्रक वाचून दाखवायला लावलं, टोपली बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. आवाज चांगला आहे, आमदार होशील, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टरक यंदा इकडं आलाच नाही, पोरी. संत्र्यावर कोळशीचं औषध मारल्यावर तुह्या बापानं पंप कोठी धुतला, ते इचारलं काय?"

मी चिडले. त्या वाद घालत बसल्या नाहीत. मला आमच्या घाटाच्या वर, पाणी येतं त्या अंगाला नेलं आणि एक दगड हलकेच उचलला. खाली दोन मुऱ्या. पुढच्या दगडाखाली तीन. त्या झटकन वाळूत शिरल्या. मग घाटाच्या खाली आणलं. तिथे दगड मीच उचलत गेले. एकाखालीही जिवंत मुरी नव्हती.

संध्याकाळी बाबांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "म्या धुतला. आमी सारेच तेथीच धुतो." आजोबा त्याच घाटावर बैल धूत, मग तिथेच पंप धुतले जाऊ लागले, त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं.

दुसरं पत्रक मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. आधीचं पत्रक चूक होतं, मुऱ्या आमच्या पंपानं मारल्या, हे पहिल्याच ओळीत. आपल्याच घरावर लिहायचं काय, सोयरे वाचतील, असं ते म्हणाले. मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन मागितला आणि मी लिहिलेला 'नकळत' हा शब्द खोडला.

"औषधाच्या डब्यावर लिवलेलं असते," एवढंच म्हणाले.

वाटायला ते माझ्यासोबत आले. कोणी हसलं. पानटपरीवरच्या एकानं आम्हा बापलेकीला एकमेकांविरुद्ध कोर्टातच जा म्हणून सुचवलं. आम्ही गठ्ठा संपवूनच घरी आलो.

आता आमचा पंप बगीच्यातच विसळला जातो. घाटाखाली मुरी अजून आलेली नाही. वरून उतरेल, मावशी म्हणतात, पण खालचं पाणी वरच्यासारखं स्वच्छ राहिलं तर. ते तसं राहायचं तर एकट्या आमच्या घरानं भागणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते: यंदा फवारणीला निघताना पाण्याची एक कॅन जास्तीची घ्या. पंप बगीच्यातच विसळा, आणि ते पाणी त्याच झाडांवर मारून टाका.