जळणाला होईल

गुरुनाथ पटवर्धनांना लाकूड टाकवत नसे. "जळणाला होईल" हे त्यांचं पालुपद. अमेरिकेत, पार्सिपनीपासून तासाभरावर, डोंगरउतारावर त्यांचं घर, आणि घराला ऊब एका कमरेएवढ्या लोखंडी शेगडीची. जन्मभर पुलांचे आराखडे काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये पाट मांडून कोयत्यानं ढलप्या काढायला लागला. बोटभर जाडीच्या, काडी लावताच पेटणाऱ्या. आल्यागेल्याला ढीग दाखवायचे.

बायको शैला त्यांना शोभेल अशीच. शेगडीतली राख चाळून डब्यात भरायची आणि समई, ताम्हन, पातेली, सगळं पितळ तिनंच घासायचं. अल्फारेटाहून मुलगी प्रीता फोनवर वैतागायची, "आई, डिशवॉशर आहे ना, यूज कर की."

"पितळेला राखच लागते गं," हे ठरलेलं उत्तर.

मग घरामागचा जुना डेक, म्हणजे लाकडी ओटा, पाडावा लागला. खांब खचले होते, पण तीस वर्षांत एका फळीला कीड नाही. गुरुनाथांचा जीव सुपाएवढा झाला. फळ्यांवरची हिरवट झाक त्यांना शेवाळाची वाटली. एवढे शिकलेसवरलेले, पण कीड का लागली नाही, हा साधा प्रश्न काही त्यांना पडला नाही. दोन हिवाळे तो डेक ढलपी ढलपी करून शेगडीत गेला.

शैलाबाईंच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, मग हातांना. तळवे खरखरीत झाले. हातातून आमटीची वाटी निसटायला लागली. साखर नव्हती, संधिवात नव्हता. बरेच दवाखाने झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात जाळता काय? तपासणीत आर्सेनिक निघालं. त्या काळी डेकचं लाकूड कीड लागू नये म्हणून या विषात मुरवत. जाळलं तरी ते राखेत उरतं, आणि राख तर ही बाई रोज हातानं चोळत होती.

हातापायांतली गेलेली जाणीव परत येईल का, असं गुरुनाथांनी विचारलं. येईल असं वाटत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुरुनाथांनाही थोडी बाधा झाली होती, पण त्यांचे हात धडधाकट राहिले. त्या हातांची त्यांना शिसारी आली.

राख, उरलेल्या फळ्या, सगळं हलवलं. घर तापवणारी गॅसची फर्नेस बसायला महिना होता आणि थंडी काही थांबणार नव्हती. त्यांनी मेपलचं विकतचं लाकूड आणलं, खाली मान घालून ढलप्या काढल्या आणि शेगडी पेटवली.

ती चांगली धगधगल्यावर शैलाबाई भिंत धरत धरत बाहेरच्या खोलीत आल्या. पाय लटपटला, तशी आधाराला त्यांनी शेगडीवर हात टेकला आणि तिथंच उभ्या राहून पडदा सारायला लागल्या.

गुरुनाथांनी धावत जाऊन हात ओढला. तळवा लालभडक झाला होता.

शैलाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तळव्याकडे.

"तापली होती का हो?" त्यांनी विचारलं.