दादाराव आणि खपाचा आकडा

कॅरमच्या क्लबात किस्से पावडरीसारखे साचतात; झटकले तरी बाह्यांना थोडे चिकटून घरी येतातच! अमरावतीला सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आमचा क्लब होता. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. साचलेल्यांपैकी बहुतेक किस्से कचेरीतले कारकून दादाराव वानखडे यांचेच.

दादाराव हरत नसत, आणि मुद्दाम तर मुळीच नाही. लग्नानंतर सासरे पहिल्यांदा घरी आले आणि हौसेनं खेळायला बसले. दादारावांनी त्यांना ओळीनं पाच गेम हरवलं! वहिनींनी आतून डोळे वटारले.

दादाराव म्हणाले, "त्याईले चहा दे, पोहे दे. गेम मी कोनाले देत नाई!"

*

एकदा त्यांचे साहेब क्लबात आले. खेळ रंगला तसे साहेब हसत म्हणाले, "वानखडे, तुमची बदली माझ्या हातात आहे बरं का!"

"बदली तुमच्या हाती साहेब, राणी माया हाती!" असं म्हणून दादारावांनी राणी घेतली.

बदली वरुडला झाली. पठ्ठ्या दर रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन बसनं खेळायला यायचा.

*

आमचा बोर्ड अकोल्याच्या किसन मिस्त्रींनी बनवलेला. काय गुळगुळीत! एकदा पावडर घ्यायला गेलो, तर दुकानदार मागेच लागला, "मुंबईचा बोर्ड घ्या दादाराव! साऱ्या जिल्ह्यात हाच खपून राहिला."

"खपू द्या ना! तुमचा खप माया वतीनं राणी घेते काय?"

दुकानात हशा पिकला. मलाही पटलं. खेळणाऱ्याला खपाशी काय करायचंय?

*

पुढच्या पावसाळ्यात क्लबाचं छत गळलं आणि बोर्ड फुगून कामातून गेला. दादाराव आणि मी अकोला गाठलं. किसन मिस्त्री पाळणा ठोकत बसले होते.

"बोर्ड बनवनं सोडलं मी."

"कावून?"

"खपत नाई. गेल्या साली एकच खपला."

"कोनाले देल्ला?"

"तुमालेच!"

मला फार वाईट वाटलं. दादाराव मात्र कोपऱ्यात रचलेले बोर्ड मोजत होते. चार होते.

"एक आमी घेतो. बाकीचे तीन खपले, त बनवसान?"

"बनवतो."

"ठरलं!"

*

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं बोर्ड घेऊन नांदगाव खंडेश्वरला. निंबाखाली एक बोर्ड मांडला. दादाराव येईल त्याच्याशी खेळले आणि येईल त्याला हरवत गेले. गर्दी ही! पण दुपारपर्यंत एकही बोर्ड हलला नाही.

मिस्त्री हळूच म्हणाले, "दादाराव, हरलेला मानूस बोर्ड कायले घेईन?"

दादारावांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या.

मग भाजीवाले बंडूभाऊ खेळायला बसले. चांगले खेळत होते. दोघांची एकेकच सोंगटी उरली. दादारावांची तर पॉकेटच्या तोंडाशीच होती. असली सोंगटी ते पान लावता लावता डाव्या हातानं घ्यायचे.

त्यांनी बराच वेळ नेम धरला. स्ट्रायकर सोंगटीला न शिवता निघून गेला.

बंडूभाऊंनी आपली सोंगटी घेतली आणि उडीच मारली, "हा बोर्ड मायाच हाय! बांधा मिस्त्री, बांधा!"

मी दादारावांकडे बघितलं. ते धोतराच्या सोग्यानं स्ट्रायकर पुसत होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "दोन रायले. दुसरा मांडा!"